तिसऱ्या चंबूतलं बी

विमलताई,

ही गोष्ट सांगायचं मी बावीस वर्षं टाळलं. विसरलो म्हणून नव्हे. रोज दाढी करताना ती आठवायची, आणि दाढी उरकली की ‘पुढच्या भेटीत सांगून टाकू’ असं म्हणून मी ब्रश धुऊन ठेवायचो. आता पुढची भेट उरली नाही.

गेल्या मंगळवारी लोधिवलीला तुमचं तेरावं झालं. कर्जतहून मी आणि आमची ही, दोघं आलो होतो. पंगतीत मी दोन वडे जास्त खाल्ले, कारण वाढायला तुमची सुजाता होती आणि तिला ‘नको’ म्हणायची माझी छाती नाही. आवाज हुबेहूब तुमचा. ‘मास्तर, लाजू नका, नायतर आई वरून माझ्यावरच ओरडंल,’ म्हणाली. माझ्या शेजारी तुमचा पुतण्या बसला होता. भला माणूस आहे. तो कौतुकानं सगळ्यांना सांगत होता, ‘काकीचं बघा. कंपनीत भांडी धुण्यात चूक झाली म्हणून तिला कँटीनला टाकली. दुसरी असती तर रडत बसली असती. काकीनं कँटीनचं सोनं केलं.’

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हातात वडा होता, तो संपवला.

भांडी धुण्यात चूक झाली नव्हती, ताई. हे मला ठाऊक होतं आणि मी वडा खात बसलो. तुमच्या तेराव्याला, तुमच्या घरात, तुमच्या स्तुतीत एक खोटं वाक्य आलं आणि ते मूळ माझं होतं. घरी आल्यावर मला जेवण पचलं नाही. आमची ही म्हणाली, ‘या वयात चार वडे खाल्ल्यावर दुसरं काय होणार?’ तिचंही खरं असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी न करताच कागद घेऊन बसलो. हे लिहून झालं की एक प्रत सुजाताला, एक कँटीनवाल्या हनीफभाईंना आणि एक तुमच्या पुतण्याला देणार आहे. त्यांना प्रयोगशाळेतलं सगळंच माहीत नसेल, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. तेवढं चालवून घ्या. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतो म्हणून तुम्ही मला नेहमी टोकायचात.

साजगावच्या त्या प्रयोगशाळेत बाकी सगळे मला साहेब म्हणायचे. औषध कंपन्या त्यांची औषधं आमच्याकडे पाठवायच्या. ती किती टिकतात, तापवली किंवा हलवली तर काय होतं, हे आम्ही तपासायचो. तुम्ही धुलाईच्या खोलीत. चौक गावात मिनिडोर रिक्षा पकडून यायचं, पदर खोचायचा, कोपरापर्यंतचे रबरी मोजे चढवायचे आणि नळ सोडायचा. आल्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही एक काचेचा चंबू आणून माझ्या टेबलावर ठेवलात. ठेवलात म्हणजे आपटलातच.

‘हे काय शिजवलंत?’

‘शिजवलं नाही. इन्सुलिन आहे. मधुमेहाच्या लोकांना टोचतात ते.’

‘साबणानं निघत नाय. उकळून बघितलं, तरी निघत नाय. याच्यापेक्षा पिठल्याचं पातेलं परवडलं.’

तुम्हाला नुसतं ‘बरं, बघतो’ म्हणून वाटेला लावता आलं असतं. पण मला कोणी काही विचारलं की सांगत सुटायची खोड. मी पार्सलची सुतळी उचलली आणि तिचा गुंडा केला. म्हटलं, प्रथिन म्हणजे एक लांब साखळी असते, पण ती अशी गुंडाळून बसते. तिची चिकट बाजू आत, पाण्याशी जमणारी बाजू बाहेर. असे कोट्यवधी गुंडे पाण्यात सुखानं राहतात, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. पण तापवलं, फार घुसळलं, की एखादा गुंडा अर्धवट सुटतो. आतली चिकट बाजू उघडी पडते. असे दोन उघडे एकमेकांना भेटले की चिकटतात. बहुतेक वेळा पुन्हा सुटतात. पण कधीतरी चार-सहा जण एकावर एक नीट बसतात, शिडीच्या पायऱ्या बसाव्यात तसे, आणि मग ती रचना मोडत नाही. तिचं टोक म्हणजे साचा. पुढचा जो येतो तो आपला गुंडा सोडून त्या साच्यासारखा होतो आणि तिथेच चिकटतो. त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर त्याच्या पुढचा. असा लांब तंतू होतो. असे दोन-तीन तंतू एकमेकांना पीळ घालतात. याला अमायलॉइड म्हणतात.

‘म्हणजे सुंभ वळतात तसं.’

‘अगदी तसंच.’

‘मग बरोबर हाय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाय. तिथं साबण काय करणार?’

मी वीस मिनिटं बोललो होतो. तुम्ही चंबू उचललात आणि जाता जाता म्हणालात, ‘तुमी शाळेत पायजे होतात, मास्तर.’ तेव्हापासून मी मास्तर. आता आमच्या गल्लीतही काही जण मला मास्तर म्हणतात आणि मी कुठल्या शाळेत होतो ते विचारतात.

कॉस्टिक सोड्याच्या कडक पाण्यात तो पीळ सुटतो, एवढं मी तुम्हाला सांगितलं. पुढचं सगळं तुमचं. लाल टब तुम्ही आणलात. ज्या वस्तूला तंतू लागले असतील ती रात्रभर लाल टबात, सकाळी तीनदा धुऊन निळ्या टबात, मग कपाटात. सगळ्यात कडक कायदा गोळ्यांसाठी. गोळी म्हणजे चुंबकाचा पांढरा तुकडा, औषधाच्या कॅप्सूलएवढा. चंबूत टाकायचा, चंबू यंत्रावर ठेवायचा, की आत गोळी गरगर फिरते आणि द्रव ढवळला जातो. काच दिसायला तरी नितळ असते. गोळीवर चरे पडतात, आणि चऱ्यात काय दडलंय ते दिसत नाही. तुम्ही गोळ्या स्टीलच्या डब्यात ठेवायचात, रोज मोजायचात. ‘लाल टबातली गोळी रात्र काढल्याबिगर भायेर येणार नाय. साहेब आले तरी नाय, साहेबांचे साहेब आले तरी नाय.’

प्रमुख साहेब एकदा खरंच आले होते गोळी मागायला. रिकाम्या हातानं परत गेले. जाताना हसत होते.

आपलं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. तुम्ही एकदा विचारलंत, ‘दोन दिवस चंबू पाण्यासारखा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताक होतं. दोन दिवस आत काय करत असतात?’

‘जमवाजमव. पहिली शिडी उभी राहायलाच वेळ लागतो. एकदा ती राहिली की पुढचं झपाट्यानं होतं.’

‘म्हणजे लग्नासारखं. बोलणी सहा महिने आणि वरात एका दिवसात.’

‘हो. आणि कोणी तयार तंतूचा बारीकसा तुकडा आधीच टाकला, तर ते दोन दिवसही लागत नाहीत. लगेच सुरू. त्या तुकड्याला बी म्हणतात.’

‘ते विरजण झालं.’

‘विरजण नव्हे. विरजणात जिवाणू असतात, ते जिवंत असतात. हे जिवंत नाही. हा नुसता आकार आहे.’

‘नुसता आकार पोरं काढतो?’

‘तसं म्हणा. ढवळताना तंतू तुटतो. तुकड्याला दोन नवी टोकं मिळतात. प्रत्येक टोकावर पुन्हा वाढ. एकाचे दोन, दोनाचे चार.’

‘खातो, वाढतो, तुटला की दोन होतो, आणि जिवंत नाय म्हणता. मास्तर, तुमी कधी शेतात गेलायत का?’

मी चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आलो. तुम्ही पुस्तक न बघताच म्हणालात, ‘ज्यानं लिवलंय त्याला दही लावता येतं का ते आधी विचारा.’ पुढे जेव्हा जेव्हा भेटलो, तेव्हा ‘जिवंत की नुसता आकार’ हा वाद पाच मिनिटं तरी व्हायचाच. तुम्ही कधी हरला नाहीत. मीही हरलो नाही असं मला वाटतं, पण माझ्या बाजूचे सगळे पंच पुस्तकातले होते.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. तंतू झालेत का हे बघायला आम्ही पिवळसर रंग टाकायचो आणि निळ्या दिव्याखाली धरायचो. तंतू असले की तो रंग त्यांना चिकटतो आणि हिरवा चमकतो. मी तुम्हाला आत बोलावलं, खोलीत अंधार केला, दिवा लावला. तुम्ही दिव्याजवळ वाकून बघितलंत. मग म्हणालात, ‘राजमाचीच्या वाटंला काजवे असतात तसं दिसतंय. इतकं चांगलं दिसतं आणि मी रोज घासून काढते.’ आणि हसायला लागलात. मीही हसलो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकी मजा मला दुसऱ्या कुठल्या निकालानं दिली नाही.

आता ती दुपार.

एका कंपनीचं इन्सुलिन आमच्याकडे आलं होतं. तीन चंबू लावायचे, तीन गोळ्या टाकायच्या, ते किती दिवस स्वच्छ राहतं ते बघायचं. तुम्ही दोन गोळ्या दिल्यात. तिसरी लाल टबात होती. ‘उद्या सकाळी घ्या,’ म्हणालात. त्या संध्याकाळी माझ्या भाचीला बघायला कर्जतला पाहुणे येणार होते आणि खोपोलीहून सुटणारी गाडी मला पकडायची होती. तिसरा चंबू उद्यावर टाकला असता तर काही बिघडत नव्हतं. पण तीनही एकदम सुरू केले की कागदावर नीट दिसतं, आणि मला कागद नीट आवडायचे.

माझ्या टेबलावर मागच्या कामाचा एक चंबू पडला होता. तुमच्याकडे पाठवायचा राहिलेला. त्यात गोळी होती. ती मी काढली, नळाखाली धरली, रुमालानं पुसली. स्वच्छ दिसत होती. तिसऱ्या चंबूत टाकली आणि गाडी पकडली.

पाहुण्यांना भाची पसंत पडली. जावई चांगला मिळाला, आजही माझी चौकशी करतो. मी त्या दिवशी गाडी चुकवली असती तरी तिचं लग्न जमलंच असतं.

सकाळी येऊन बघतो तर दोन चंबू पाण्यासारखे आणि तिसरा ताकासारखा पांढरा. ताई, मला त्याच क्षणी कळलं. शोधावं लागलं नाही. नळाखालची गोळी डोळ्यांपुढे आली.

तास-दीड तासात प्रमुख साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. तुमचा कागद त्याच आठवड्यात पुढे जायचा होता. प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून कायम करावं, असा. अकरा वर्षं तुम्ही ठेकेदाराच्या माणसांत होता. तुम्ही कोणाला बोलला नव्हतात, पण चौकच्या शिंप्याकडे पांढऱ्या कोटाचं माप देऊन आला होतात, आणि तो शिंपी आमच्या हनीफभाईंचा मेहुणा. कँटीन हनीफभाईंचं, तिथे आलेली बातमी तिथेच थांबत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी विचारलं, ‘दोन नीट आहेत, तिसरा बिघडला. फरक काय?’

मी म्हणालो, ‘भांडं. धुताना काही राहिलं असेल.’

इतकंच वाक्य. आवाजही चढवला नाही.

तुम्ही म्हणालात, ‘माझं भांडं स्वच्छ होतं.’

‘मग बाई, बी कुठून आलं?’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. वर्गात अवघड प्रश्न आला की मुलं मास्तरांकडे बघतात तसं. आणि म्हणालात, ‘मास्तर सांगतील.’

मास्तर म्हणाले, ‘नक्की सांगता येत नाही.’

तुमचा कागद पुढे गेला नाही. कंपनीच्या माणसांना दाखवायला काहीतरी कारवाई हवी होती, म्हणून तुम्हाला धुलाईतून काढून कँटीनला पाठवलं. सोमवारी तुम्ही कँटीनमध्ये हजर झालात, अंगावर नवा कोरा पांढरा कोट. हनीफभाई बघतच राहिले. ‘ये क्या है, विमलबाई?’

‘शिवून झाला व्हता. वाया कशाला घालवायचा?’

लोक हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. पुढे तुम्हाला डॉक्टरीणबाई हे नाव पडलं. मी चहा घ्यायला आलो तेव्हा कप पुढे सरकवून तुम्ही हळूच विचारलंत, ‘काय मास्तर, सापडलं का बी?’

‘शोधतोय,’ मी म्हणालो.

खरं तर मी शोधतही होतो. महिन्याभरानं, सगळे घरी गेल्यावर, मी तेच पुन्हा केलं. जुन्या चंबूतली गोळी नळाखाली धरून नव्या चंबूत टाकली. सकाळी ताक. रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवलेली गोळी टाकली. चंबू दोन दिवस स्वच्छ. दोन्ही निकाल माझ्या वहीत माझ्या अक्षरात आहेत. ती वही कपाटात आहे, सुजाताला दाखवीन. त्यावरून मी साहेबांना एक टिपण दिलं. कोणाची गोळी, कुठल्या दिवसाची, हे त्यात नव्हतं. फक्त नियम होता: ‘चुंबकाच्या गोळ्या रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत.’ साहेबांनी माझं कौतुक केलं आणि ते छापून भिंतीवर लावलं. खाली माझी सही.

तुमचा कायदा, माझी सही. तुम्ही चहाची किटली घेऊन वर आलात, त्या कागदापुढे उभ्या राहिलात, सावकाश सगळा वाचलात. मी खाली मान घालून काहीतरी लिहीत होतो. ‘मास्तर, सही झोकात करता हो,’ एवढंच म्हणालात आणि कप भरलात.

त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. का बोललो नाही? नोकरी गेली नसती. फार तर साहेब ओरडले असते. माझं नाव चांगलं होतं आणि मला ते आवडत होतं. याहून मोठं कारण मी बावीस वर्षं शोधलं. ते नाहीच.

तुमच्या जागी जो आला त्याच्या हाताखाली पहिल्या पंधरवड्यात चार चंबू बिघडले. मग ती भांडी मी स्वतः धुवायला लागलो. लाल टब, निळा टब, तीनदा पाणी. हातमोज्यात पाणी शिरून बोटं सोलवटली. तेव्हा कळलं की तुम्ही अकरा वर्षं काय करत होतात. स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांतला फरक मला कॉलेजात शिकवला होता. तो समजला तुमच्या मोरीत.

सांगायचा प्रयत्न मी केलाच नाही असं नाही. एकदा कँटीनमध्ये दुपारी कोणी नाही असं बघून आलो. ‘विमलताई, त्या तिसऱ्या चंबूचं...’ इतकं म्हणालो आणि हनीफभाई आतून ओरडले, ‘विमलबाई, दूध उतू जातंय.’ तुम्ही धावलात. दूध वाचलं, मीही वाचलो. दुसऱ्यांदा खालापूरला, तहसीलच्या सेतू केंद्रात. तोपर्यंत आपण दोघंही निवृत्त होऊन घरी बसलो होतो. मी दाखल्यासाठी, तुम्ही सातबाऱ्यावरच्या नावासाठी, दोघांच्या हातात नंबरांच्या चिठ्ठ्या. तासभर शेजारी बसलो. मी पाऊण तास हवापाण्यावर काढला आणि मग घसा खाकरून म्हणालो, ‘तुमचं नुकसान झालं माझ्यामुळे...’

‘ते कसं? तुमचा नंबर माझ्या आधी हाय म्हणून?’

आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारला. बाहेर आलो तेव्हा तुम्ही खिडकीशी बाबूला झापत होतात. मी खूण करून निघालो. तुम्ही तिथूनच ओरडलात, अख्ख्या कचेरीसमोर, ‘मास्तर, सापडलं का बी?’ बाबूनं मला विचारलं, ‘कसलं बियाणं, काका? कृषी विभाग मागच्या बाजूला आहे.’

किती वर्षं विचारलंत. सुजाताच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर विचारलंत. फोनवर नव्या वर्षाच्या शुभेच्छांआधी विचारलंत. कधी टोमणा नसायचा त्यात. सवयीनं विचारावं, ‘जेवलात का?’ तसं.

गेल्या महिन्यात सुजाताचा फोन आला. आईचं हृदय थकलंय, येऊन जा म्हणाली. मी ठरवून निघालो. चौकपर्यंत मनात वाक्यं जुळवली. खाट ओटीवर, दाराच्या समोर होती. पाय सुजलेले, पण डोळे तेच. मला बघून म्हणालात, ‘सुजे, मास्तरला दही दे. कर्जतला दही मिळत नाय, पांढरं पाणी मिळतं.’

मी दही खाल्लं. वाद काढलात. ‘आता तरी कबूल करा. जिवंत हाय का नाय?’ मी म्हणालो, ‘दही जिवंत आहे. इन्सुलिनचा तंतू नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘शिकून शिकून इतकंच.’ दम लागला तरी हसलात. सुजाता पाणी घेऊन आली, शेजारच्या दोघी आल्या, तुमची नात मांडीवर चढली. मी वाट बघत होतो, तुम्ही विचाराल. तो प्रश्न आला की या वेळी ‘सापडलं’ म्हणायचं, बाकीचं आपोआप येईल, असं मी ठरवलं होतं.

तुम्ही विचारलंच नाहीत.

निघताना सुजाताकडून एक छोटी वाटी मागवलीत, त्यात दोन चमचे दही. ‘विरजण न्या. रोज नवं लागत नाय. कालच्यातलं चमचाभर राखायचं.’ मी वाटी घेतली. उंबऱ्यावर थांबलो. ‘ताई...’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘सांडू नका, मिनिडोर उडवते.’ मी वाटी मांडीवर सांभाळत कर्जतपर्यंत आलो. ते सांडलं नाही.

तेराव्याला जेवण उरकल्यावर हनीफभाई मला अंगणात बाजूला घेऊन गेले. आता त्यांनाही काठी लागते. म्हणाले, ‘मास्तर, विमलबाईला मी एकदा विचारलं होतं, चंबूत खरं काय झालं? ती बोलली, त्या दिवशी गोळ्या मोजल्या तर एक परत आली नव्हती. मी म्हटलं, मग साहेबांना सांगत का नाही? तर बोलली, मास्तर हळू हाय, पण सांगंल.’

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. गोळ्या मोजणारी बाई तुम्ही, तुम्हाला माहीत नसेल असं मी कसं धरून चाललो? बावीस वर्षं तुम्ही मला विचारत होतात ते बी कुठे आहे म्हणून नव्हे. तुम्ही मला दार उघडून देत होतात, आणि मी दरवेळी ‘शोधतोय’ म्हणून ते लोटून घेत होतो.

तुमचं विरजण आमच्याकडे चांगलं लागतं. आमची ही म्हणते असं घट्ट दही या घरात कधी झालं नव्हतं. रोज रात्री मी चमचाभर बाजूला काढतो, वाटी आधी तीनदा धुतो. ती हसते. म्हणते, एका वाटीला किती धुणार?

ताई, आता विचारा. नका विचारू, मीच सांगतो. बी सापडलं. पहिल्याच सकाळी सापडलं होतं. ते गोळीवर होतं, गोळी तुमच्या लाल टबातून आलेली नव्हती, ती मी नळाखाली धरून टाकली होती, गाडी गाठायची म्हणून. साहेबांनी विचारलं तेव्हा मला उत्तर येत होतं. तुमचा कागद माझ्या वाक्यानं अडला. तो कोट तुम्ही प्रयोगशाळेतच घालायचा होता.

तुमचं भांडं स्वच्छ होतं, विमलताई. मला माफ करा.